देवाला बाप म्हणताना : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेची वाटचाल

ख्रिस्ती प्रार्थनेत देवाला बाप म्हणून हाक मारण्याची रीत खुद्द येशूपासून चालत आली आहे. त्याने शिष्यांना शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ नव्या करारात दोनदा येते. मत्तयाच्या शुभवर्तमानात ती सहाव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनाच्या ओघात आहे. लूकच्या शुभवर्तमानात ती अकराव्या अध्यायात आहे; तिथे ती आखूड आहे आणि शिष्यांपैकी एकाने प्रार्थना करायला शिकवा असे म्हटल्यावर सांगितलेली आहे. दोन्हीकडे पहिली हाक बापालाच आहे. भाकर, क्षमा, संकटातून सुटका या मागण्या त्यानंतर येतात. ‘दिदाखे’ या आरंभकाळातल्या ख्रिस्ती ग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी असे सांगितले आहे.

यहुदी धर्मग्रंथांना ही कल्पना अपरिचित नव्हती. जुन्या करारात देव इस्राएल लोकांचा पिता आहे, पण तो मुख्यतः राष्ट्राचा पिता. एकट्या माणसाने संकटात त्याला या नावाने हाक मारल्याची उदाहरणे तिथे विरळ आहेत. मार्कच्या शुभवर्तमानात मात्र येशू अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत ‘अब्बा’ या घरगुती अरामी शब्दाने प्रार्थना करतो. पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत तोच शब्द ग्रीक वाक्यात तसाच ठेवला आहे. म्हणजे अरामी न जाणणाऱ्या मंडळ्यांतही तो प्रार्थनेत रुळला होता. जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास याने विसाव्या शतकात या शब्दातल्या जवळिकीवर मोठा सिद्धांत उभारला. पुढे जेम्स बार या स्कॉटिश विद्वानाने त्याला मुरड घातली : हा काही तान्ह्या मुलाचा बोबडा शब्द नव्हे, मोठी माणसेही बापाला असेच म्हणत. बारचे म्हणणे बरोबर धरले तरी मूळ मुद्दा हलत नाही. या बापाचा स्वभाव कसा, हे ठरवणारा मजकूर शब्दकोशात नाही, उधळ्या पुत्राच्या दाखल्यात आहे. वाटणी घेऊन गेलेला, सगळे उडवून परत आलेला मुलगा दूर असतानाच म्हातारा धावत जातो आणि कबुलीजबाब पुरा होण्याआधीच त्याच्यासाठी नवी वस्त्रे मागवतो.

ही प्रार्थना मराठी मुलखात पोचली ती गोव्याच्या वाटेने. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. आल्यावर महिन्याच्या आत त्याने इंग्लंडमधल्या वडिलांना प्रवासवर्णनाचे लांबलचक पत्र लिहिले. ते पुढे हॅक्लूटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले आणि त्यामुळेच टिकले. साष्टीच्या मुलखात चाळीस वर्षे घालवून १६१९ मध्ये तो गोव्यातच वारला. या काळात त्याने दोन भाषांत दोन वेगळी कामे केली. एक म्हणजे १६१६ मध्ये राशोलला छापलेले ‘ख्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी काव्य. दुसरे म्हणजे कोकणीतली प्रश्नोत्तरी, ‘दौत्रीन क्रिस्तां’, जी त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पुराण ऐकण्यासाठी होते, प्रश्नोत्तरी पाठ करण्यासाठी. नवख्रिस्ती मुलाने आधी क्रुसाची खूण, मग बापाला उद्देशून असलेली प्रार्थना, मग मरियेची प्रार्थना, मग श्रद्धेची कबुली असे क्रमाने पाठ करायचे. कोकणीत या प्रार्थनेला तिच्या पहिल्या शब्दांवरून ‘आमच्या बापा’ हेच नाव पडले. आजही गोव्याच्या घरात संध्याकाळच्या तेर्सात, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, ते नाव ऐकू येते.

‘ख्रिस्तपुराणा’चे मोल असे की त्यात बायबलची कथा पुराणिकाच्या तोंडी घातली आहे. श्रोते मध्येच शंका विचारतात, पाद्री गुरू उत्तर देतो, आणि कथा ओवीच्या चालीने पुढे सरकते. ज्या श्रोत्यांची देवळे काही दशकांपूर्वी पाडली गेली होती, त्यांना ओवी तरी परत मिळाली. या इतिहासातली बोच झाकण्याचे कारण नाही : साष्टीत बापाच्या प्रेमाची शिकवण आणि राज्यसत्तेची जबरदस्ती एकाच काळात, कित्येकदा एकाच माणसांच्या हातून आली. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकभाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला आणि देशी भाषांतले धार्मिक वाङ्मय मागे पडले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या तीन छापील आवृत्त्या निघाल्या होत्या, त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून जे. एल. सल्ढाना यांनी ते १९०७ मध्ये मंगळूरला पुन्हा छापले, तेव्हा ते मराठी वाचकांपुढे आले.

उत्तरेकडे वसईच्या पट्ट्यात पोर्तुगिजांची सत्ता १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी संपवली, पण तिथल्या गावांतले ख्रिस्ती धर्माला धरून राहिले. त्यांची मिस्सा लॅटिनमध्ये चाले, घरची बोली सामवेदी, वाडवळी किंवा कोळी. चर्चमधला बाप आणि घरातली भाषा यांच्यात असे दोन शतकांहून अधिक अंतर राहिले.

देशावर ही प्रार्थना नव्याने आली, आणि वेगळ्या लोकांकडून. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीने पंडित वैजनाथ यांच्या मदतीने मराठी काम सुरू केले. नवा करार १८११ मध्ये छापून झाला. ती मराठी नागपूरकडच्या वळणाची होती आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती परकी वाटे. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने स्वतःचा छापखाना घातला आणि १८२६ पर्यंत नवा करार पुन्हा मराठीत आणला. १८४७ मध्ये संपूर्ण बायबल निघाले. या भाषांतरांतून देवाला ‘पिता’ हा संस्कृत मान मिळाला, पण क्रियापद एकवचनीच राहिले. एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा मराठी घरात मुलगा बापाशी ‘तुम्ही’ म्हणून बोले, तेही कामापुरते. ‘तू’ होती ती आई, आणि ‘तू’ होता तो विठोबा. प्रार्थनेतला स्वर्गीय पिता घरातल्या बापाच्या रांगेत बसला नाही, विठोबाच्या रांगेत जाऊन बसला. भाषांतरकारांनी हे ठरवून केले असे मानण्याचे कारण नाही. देवाशी बोलण्याची मराठीची तीच रीत होती आणि त्यांनी ती घेतली.

त्या रांगेत आधीपासून पुष्कळ काही होते. वारकरी संतांनी विठ्ठलाला मायबाप म्हटले, त्याहून अधिक वेळा नुसती माय म्हटले. ज्ञानेश्वर माउली झाले. नामदेवाच्या घरची दासी जनाबाई आपल्या कष्टात देवाला आईबापाच्या ठिकाणी पाहत होती. त्यामुळे प्रेमळ पालक देव ही कल्पना मिशनऱ्यांनी महाराष्ट्राला दिली असे म्हणणे चूक ठरेल. निळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी मात्र तसे जवळजवळ म्हटले. झाशीजवळच्या काशीपुऱ्यात १८२५ मध्ये जन्मलेले, काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, आणि नेहेम्या गोऱ्हे या नावाने त्यांनी ब्राह्मसमाज व प्रार्थनासमाज यांच्याशी वाद घातला. देवाच्या पितृत्वाची कल्पना या समाजांना केवळ तर्काने सापडलेली नाही, ती बायबलच्या सहवासातून आलेली आहे आणि आता ते तिला बुद्धीची देणगी म्हणून मिरवतात, असा त्यांचा आक्षेप होता. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजावर ख्रिस्ती उपासनेची छाप होती यात शंका नाही. आठवड्याची सामुदायिक प्रार्थना, उपदेश, देवाचे पितृत्व आणि माणसांचे बंधुत्व हा सगळा साचा तिथूनच आला. पण समाजाच्या मंदिरात गायले जात ते तुकारामाचे अभंग. आक्षेप अर्धा खरा होता.

पितृत्वाचा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजात खरा पेटला तो ग्रंथांमुळे नाही, घरांमुळे. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतल्या नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा होता आणि तोही मिशनमध्ये राहायला गेला होता. वडिलांनी कोर्टात धाव घेतली. मुलगा अज्ञान असल्याने कोर्टाने तो वडिलांच्या ताब्यात दिला. तिथून दुसरा तंटा सुरू झाला : पाद्र्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचे की नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्ताची बाजू लावून धरली आणि त्यासाठी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मुंबई कित्येक महिने या एका मुलावरून भांडत होती. एका बाजूला जन्मदाता बाप, दुसऱ्या बाजूला स्वर्गातला. मधे न्यायाधीश, पाद्री आणि शास्त्री. नव्या कराराचा बाप परतणाऱ्या मुलाकडे धावत जातो हे सांगणाऱ्यांनाच या प्रसंगी मुलाला बापाच्या घरापासून दूर ठेवण्यासाठी वकील द्यावा लागला, हा विरोधाभास तेव्हाच्या टीकाकारांना दिसला नसता तरच नवल.

कायद्यालाही यात उतरावे लागले. धर्म किंवा जात सोडल्यामुळे वारसाहक्क बुडू नये यासाठी १८५० चा एकविसावा कायदा झाला. त्याविरुद्ध हिंदू समाजाकडून जोरदार अर्ज गेले. धर्मांतर केलेल्या मुलाचा बापाच्या मिळकतीवर हक्क कागदावर तरी शाबूत राहिला. प्रत्यक्षात कोर्टात भांडून वाटणी मिळाली तरी घर मिळत नसे. पौलाच्या पत्रांत विश्वासणारे देवाचे पुत्र आणि म्हणून वारस आहेत असे म्हटले आहे. लेखणी, जमीन आणि पंगत एका दिवसात गमावलेल्या मराठी माणसाने ते वाचले तेव्हा ‘वारस’ हा शब्द त्याच्यासाठी अलंकारिक राहिला नसणार. १८५४ मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेतलेल्या बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात ही घरापासून तुटण्याची व्यथा तपशिलाने लिहिली. मराठीतल्या पहिल्या आत्मचरित्रांपैकी ते एक. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहतच उभारली. तिथे मुख्यतः मांग समाजातली कुटुंबे राहिली. घर गेलेल्यांनी घर बांधणे हा या पिढीच्या प्रार्थनेचा व्यावहारिक अर्थ होता.

शतकाच्या अखेरीला प्रार्थना करणाऱ्यांचा चेहरा बदलला. आता ज्यांना बापच उरला नव्हता अशी मुले हजारोंनी पुढे आली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला. जबलपूर जिल्ह्याला पहिल्या दुष्काळाचा तडाखा विशेष बसला. १८९१ ते १९०१ या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. हा मुलूख १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता आणि १८६१ नंतर नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आला, त्यामुळे मराठी आणि हिंदी मिशनांची कामे इथे एकमेकांत मिसळलेली होती. जबलपुरात चर्च मिशनरी सोसायटी १८५४ पासून होती, कॅथलिकांची सेंट अलॉयशियस शाळा १८६८ पासून. रस्त्यावर सापडलेल्या मुलांना आधी जेवण, मग कपडे, मग अक्षर, मग प्रार्थना, अशा क्रमाने मध्य प्रांतातली मिशनची अनाथालये भरत गेली.

यांपैकी पहिल्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या. रमाबाईंना दुष्काळ ऐकून माहीत नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे स्त्रियांना संस्कृत शिकवावे या मतापायी गाव सोडून पुराण सांगत देशभर हिंडलेले विद्वान. त्यांनी आणि पत्नी लक्ष्मीबाईंनी धाकट्या मुलीला शास्त्रे शिकवली. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात उपासमारीत आधी वडील, मग आई गेली; पुढे बहीणही. वडिलांनी शेवटच्या घटकेला आपल्याला देवाच्या हाती सोपवले, ही आठवण रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत नोंदवली आहे. त्या वेळी तो देव कोणता हे वडिलांच्या मनात स्पष्ट होते. मुलीला मात्र पुढची सुमारे सतरा वर्षे शोधावे लागले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला. पण स्वतः रमाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे धर्म पटला होता, ख्रिस्त भेटला नव्हता. ती भेट १८९१ च्या सुमारास झाली. बुद्धीने घेतलेला धर्म आणि बापासारखा जवळ आलेला देव यांतला हा फरक त्यांनी जितक्या रोखठोकपणे सांगितला, तितका त्यांच्या काळातल्या कोणा पाद्र्यानेही सांगितलेला दिसत नाही.

मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणण्याचा निश्चय करून रमाबाई निघाल्या. पुण्यात प्लेगची साथ असल्याने मुलींना शहरात ठेवता येईना. दौंडच्या अलीकडे केडगावला घेतलेल्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्यातून ‘मुक्ती’ सदन झाले. दुसऱ्या दुष्काळानंतर तिथल्या मुली आणि स्त्रियांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांत हिंदी बोलणाऱ्या होत्या, गुजराती होत्या, मराठी होत्या. प्रार्थनेची सामाईक भाषा मराठी ठरली. मुक्तीतल्या या प्रार्थनेकडे पाहताना एक गोष्ट विसरता येत नाही. इथल्या कित्येक मुलींच्या अनुभवात बाप हा बालपणी लग्न लावून देणारा, किंवा दुष्काळात मूठभर धान्यासाठी मुलीला टाकून जाणारा माणूस होता. कित्येकींना तो आठवतही नव्हता. बापाच्या प्रेमावरून देवाचे प्रेम ओळखा, हा पाद्र्यांचा नेहमीचा दृष्टांत त्यांच्यापुढे लंगडा पडतो. इथे क्रम उलटा लागला. जेवू घालणारी, शिकवणारी, मारून न टाकणारी जागा आधी मिळाली, आणि ती ज्याच्या नावाने मिळाली त्याला बाप म्हणायला मुली शिकल्या.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी नियमित प्रार्थनेसाठी स्वयंसेविकांचा गट केला. जूनअखेरीस मुक्तीत ‘जागृती’ सुरू झाली. शेकडो मुली एकाच वेळी, मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या. रडणे, पापांची कबुली, तासन्‌तास गुडघ्यावर बसणे. शिस्तीच्या उपासनेत वाढलेले पाहुणे बिचकले, काही नाराज झाले. रमाबाईंनी ते थांबवले नाही. पाठ केलेली प्रार्थना म्हणणारी मुलगी आणि आपल्या बोलीत देवाशी भांडणारी, रडणारी मुलगी यांत त्यांना दुसरी अधिक भरवशाची वाटली असावी. मुक्तीत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द त्यांनी शक्य तितके टाळले. खेड्यातल्या बाईला वाचता यावे हा हेतू होता. टाइप जुळवणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तीतल्या बायकांनीच केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या आणि दोन वर्षांनी, १९२४ मध्ये, ते बायबल पुरे छापून निघाले.

रमाबाईंचा देव बापच राहिला. त्याला आई केले ते नारायण वामन टिळकांनी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या टिळकांच्या घरात वडील तापट, आई जानकीबाई काव्याची आवड असलेली. ती टिळक लहान असतानाच गेली. चरित्रकारांनी या दोन गोष्टींवरून फार निष्कर्ष काढू नयेत, पण ज्या कवीने देवाकडे पाहताना आईचा चेहरा निवडला त्याच्या बाबतीत त्या नजरेआडही करता येत नाहीत. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. मध्य प्रांतातल्या त्या संस्थानी गावात त्यांनी तो वाचला आणि डोंगरावरील प्रवचनापाशी अडकून पडले. प्रभूची प्रार्थना आहे ती त्याच प्रवचनात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई पंढरपूरला जाऊन राहिल्या; पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्याही ख्रिस्ती झाल्या.

अहमदनगरला टिळक आले तेव्हा मराठी उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीते भरपूर होती. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींची वाट आधीच धरली होती, नगर भागात ख्रिस्ती कीर्तनेही होऊ लागली होती. टिळकांनी ती वाट रुंद केली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांच्या प्रार्थनागीतांत हा पूल सतत पायाखाली असतो. ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटले आणि त्याच श्वासात माता म्हटले. देवाच्या मांडीवर झोपणे, त्याच्याकडे हट्ट धरणे, रागावून बसणे, हे सगळे वारकरी अभंगातले व्यवहार प्रोटेस्टंट उपासनेत आले. पाश्चात्य ईश्वरविज्ञानात याला आधार नव्हता असे नाही. यशयाच्या पुस्तकात देव आईसारखे सांत्वन करीन असे म्हणतो, इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या ज्युलियनने चौदाव्या शतकात ख्रिस्ताला आई म्हटले होते. टिळकांना मात्र इतक्या लांब जायची गरज नव्हती. त्यांच्या श्रोत्यांना आईसारखा देव कोणी समजावून सांगावा लागत नव्हता. समजावून सांगावा लागत होता तो प्रेमळ बाप, आणि टिळकांनी त्यासाठी आईच मध्यस्थ घेतली. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेत त्यांनी केलेले हे सर्वात मोठे काम आहे. भाषांतरे, ओव्या आणि लेख मिळून जे साधले नव्हते ते या गीतांनी साधले.

याला विरोध झाला नाही असे नाही. हे ख्रिस्ताचे वेष्टण घातलेले विठोबाचे भजन आहे, अशी शंका मिशनमधल्या काहींना होती, तर हिंदू टीकाकारांना ही उसनवारी वाटत होती. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ ही बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांची बंधुता सुरू केली. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे लिहून पुरे केले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला या घरातल्या प्रार्थनेचे दुसरे रूप दिसते. तिथे देवावरचा विश्वास हा पैसे संपलेल्या घरात पाहुणे आले असताना, दत्तक मुलांनी भरलेल्या स्वयंपाकघरात, विसराळू आणि उदार नवऱ्याशी भांडताना कसाला लागतो. सोवळ्याच्या धाकात वाढलेल्या या बाईने देवाच्या प्रेमावर प्रवचन लिहिले नाही. एका प्रसंगी सोवळे सोडले आणि भीती गेली, इतकेच सांगितले.

दुष्काळाच्या संदर्भात वर आलेल्या जबलपूरकडे या काळात नवी वस्ती वाढत होती. १९०४ च्या सुमारास शहराबाहेर तोफगाड्यांचा कारखाना, जीसीएफ, उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळा कारखाना आला, आणि १९६९ मध्ये व्हीएफजे हा वाहन कारखाना. रांझी ही या कारखान्यांच्या आधाराने वाढलेली वस्ती. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कामगारांबरोबर तिथे निरनिराळ्या चर्चांचे ख्रिस्तीही आले. कॅथलिकांच्या दृष्टीने जबलपूर १८८७ पासून नागपूर धर्मप्रांतात होते. १९३२ मध्ये ते वेगळे काढून नेदरलँड्समधल्या नॉर्बर्टाइन संघाकडे दिले गेले आणि १९५४ मध्ये जबलपूर स्वतंत्र धर्मप्रांत झाले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने नागपूर आणि विदर्भ मध्य प्रदेशातून गेले. जबलपूर आणि रांझी हिंदी मुलखात राहिली. मराठी ख्रिस्ती प्रार्थनेची केंद्रे नगर, पुणे, नागपूर, वसई इथे राहिली.

कॅथलिक उपासनेत मराठी मोठ्या प्रमाणावर आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजाने लोकभाषेला वाट दिली आणि वसईच्या चर्चमध्ये बापाची प्रार्थना मंडळींच्या तोंडी मराठीतून उघडपणे आली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिकातून आणि पुढे ‘सुबोध बायबल’मधून ती भाषा ख्रिस्तेतर वाचकांच्याही ओळखीची केली, २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. अधिकृत मिस्सेच्या मजकुरात देव आजही पिताच आहे, आई नाही. आई आहे ती गीतांत. प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात टिळकांची गीते मोठ्या संख्येने आहेत, आणि रविवारच्या उपासनेत ती त्यांच्याच चालींवर गायली जातात.